वर्डलचं खरं काम शब्दांच्या यादीत होतं

जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनिअरने 2013 साली एक शब्दखेळ बनवला, मित्रांना दाखवला, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, मग त्याने तो बाजूला ठेवून दिला. तोच खेळ, म्हणजे वर्डल, 2021 च्या ऑक्टोबरमध्ये त्याने सगळ्यांसाठी खुला केला. 1 नोव्हेंबरला 90 जण खेळले, 2 जानेवारी 2022 ला 3 लाखांहून जास्त, आणि 31 जानेवारीला न्यूयॉर्क टाइम्सने जाहीर केलं की वर्डल आम्ही विकत घेतलाय. नक्की रक्कम सांगितली नाही, डॉलरमध्ये सात आकडी आहे एवढंच सांगितलं.

ही गोष्ट बहुतेकांना माहितीये आणि बहुतेक जण ती नशिबाची गोष्ट म्हणूनच सांगतात, लोक घरी बसले होते, ट्विटरवर पसरलं, वगैरे. ते खोटं नाहीच. पण मला स्वतःला यातला 90 जणांच्या आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण नोकरी सांभाळून रात्री नाहीतर शनिवार-रविवारी जे कुणी स्वतःचं काहीतरी बनवत असतात त्यांनी बघावं असं जवळपास सगळं तिथेच आहे. तेव्हा प्रसिद्धी नव्हती, पैसा नव्हता, खेळणारे म्हणजे तो, त्याची जोडीदार पलक शाह, आणि नंतर घरच्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. आणि खेळ तेव्हाच जवळजवळ पूर्ण झालेला होता. तीन लाख लोक आले त्या दिवशी त्यांनी जे पाहिलं ते एका बाईसाठी बनवलेलंच होतं, त्यात शेअर करायच्या बटणाची तेवढी भर पडलेली.

नियम जुनेच

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा, संधी सहा. अक्षर बरोबर जागी असेल तर चौकोन हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नाहीच तर राखाडी. दिवसाला एकच शब्द आणि सगळ्यांना तोच.

यात नवीन काय? नियमांमध्ये काहीच नाही. लपवलेल्या रंगीत खुंट्यांचा क्रम ओळखायचा मास्टरमाइंड 1970 च्या दशकापासून दुकानात मिळतो, वॉर्डलने सुरुवात त्यावरूनच केली होती. पाच अक्षरी शब्द ओळखायचा लिंगो हा टीव्ही शो अमेरिकेत 1987 साली आला होता. आपल्याकडे कॉलेजात मागच्या बाकावर वहीच्या शेवटच्या पानावर काउज अँड बुल्स खेळलेले कितीतरी जण हे वाचत असतील. हे मुद्दाम सांगतोय कारण "अशी ॲप आधीच आहेत रे" या एका वाक्यावर आपल्या ओळखीतले किती प्रोजेक्ट पहिल्याच आठवड्यात मरतात ते मी बघत आलोय. आयडिया आधी कुणाला तरी सुचलेली होती याने वर्डलला काडीचाही फरक पडला नाही.

वॉर्डलबद्दल अजून एक माहिती असायला हवी. तो रेडिट या चर्चांच्या वेबसाइटमध्ये नोकरीला होता तेव्हा त्याने दोन प्रयोग केले होते. 1 एप्रिल 2015 ला "द बटन" आलं, एक बटण आणि 60 सेकंदांचा टायमर, कुणीही दाबलं की टायमर पुन्हा साठवर, पण एका अकाउंटला ते आयुष्यात एकदाच दाबता येणार. ते जूनपर्यंत चाललं आणि 10 लाखांहून जास्त लोकांनी दाबलं. मग 1 एप्रिल 2017 ला "प्लेस", हजार बाय हजार पिक्सेलचा कोरा कॅनव्हास, एक पिक्सेल रंगवा आणि मग पाच ते वीस मिनिटं थांबा, 72 तास. दोन्हीत लोकांच्या हातात मुद्दाम खूप थोडं दिलंय. थोडं दिलं की माणूस ते जपून वापरतो, विचार करतो, शेजारी काय करतोय ते बघतो. वर्डलकडे बघताना ही पार्श्वभूमी सोडून चालणार नाही, कारण "दिवसाला एकच" हे काही योगायोगाने घडलेलं नाही, हा माणूस आधीपासून त्याच दिशेने विचार करत होता.

यादी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

पहिल्या रूपात त्याने इंग्रजीतले पाच अक्षरी सगळे शब्द घेतले होते, म्हणजे जवळपास 13,000. प्रोग्रामर माणूस पहिल्यांदा हेच करतो, कुठूनतरी शब्दकोशाची फाइल उतरवायची, लांबी पाच असलेले शब्द गाळून घ्यायचे, झालं, डेटा तयार, आता स्क्रीन बनवू. अडचण अशी की या 13,000 मधले बहुसंख्य शब्द कुणी बोलत नाही, लिहीत नाही, ते फक्त स्क्रॅबल खेळणाऱ्यांच्या कामाचे. उत्तर असं काहीतरी अगम्य निघालं की खेळणाऱ्याची भाषेची जाण उपयोगाला येत नाही, तो नुसती अक्षरं फिरवत बसतो, आणि शेवटी उत्तर दिसतं तेव्हा "अरे हो!" असं होत नाही, "हा काय शब्द आहे?" असं होतं. म्हणजे शब्दखेळातून शब्दच गेला, रंगीत खुंट्यांचा मास्टरमाइंड राहिला. खेळ चालत होता, बग नव्हता, आणि तरी मजा नव्हती.

यावर त्याने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. त्याने पलकसाठी एक छोटं वेगळं टूल बनवलं. एकेक शब्द समोर येणार, तिने सांगायचं, माहीत आहे, कदाचित माहीत आहे, माहीत नाही. बस. असे 12-13 हजार शब्द तिने एकेक करून बघितले. त्यातून उरले अडीच हजारांच्या आसपास, आणि खेळ खुला झाला तेव्हा कोडमध्ये उत्तरांच्या यादीत 2,315 शब्द होते. वर्डलचं पहिलं उत्तर 19 जून 2021 चं धरतात, त्या हिशोबाने हे शब्द ऑक्टोबर 2027 पर्यंत पुरले असते.

नीट विचार करा इथे काय झालं. वर्डलचा कोड काय आहे? टाकलेला शब्द उत्तराशी ताडून रंग ठरवायचे. त्यात अवघड जागा एकच, एकच अक्षर दोनदा आलं तर काय, उत्तरात एक ई आहे आणि तुम्ही दोन ई असलेला शब्द टाकलात तर रंग एकालाच मिळायला हवा आणि तो आधी हिरव्याला मिळायला हवा, मग उरला तर पिवळा. एवढं सोडलं तर बाकी ग्रिड आणि कीबोर्ड. बऱ्यापैकी अनुभवी माणूस शनिवार-रविवारात करेल, पुढे शेकडो लोकांनी नकला करून ते दाखवूनही दिलं. पण "पलकला कुठले शब्द माहीत आहेत" ही फाइल गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड खुला ठेवतात त्या साइटवर, तयार मिळत नाही, ती फक्त एका माणसाने बसून बनवता येते. कंटाळवाणं काम आहे, त्यात शिकायला नवीन फ्रेमवर्क नाही, कुणाला दाखवावं असं काही नाही, रेझ्युमेवर लिहिता येत नाही. आणि खेळाचा जीव पूर्णपणे तिथे आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक पर्सनल प्रोजेक्टमध्ये असं एक काम असतं. कोड नसलेलं, हाताने करायचं, लांबलचक. आणि आपण बहुतेक वेळा नेमकं तेच पुढे ढकलत असतो कारण कोड लिहिताना काम होतंय असं वाटतं. लोकलचं वेळापत्रक दाखवणारं ॲप असेल तर ते काम म्हणजे वेळापत्रक खरं ठेवणं. पाककृतींची साइट असेल तर प्रत्येक पदार्थ घरी करून बघून मापं लिहिणं, कारण "चवीपुरतं" आणि "अंदाजे" ने भरलेल्या साइट आधीच ढिगाने आहेत. जुन्या मराठी अंकांची सूची करायची असेल तर ग्रंथालयात जाऊन पानं उलटणं. या कामाला शॉर्टकट सापडला असं वाटलं की तो नीट तपासून बघावा, कारण 13,000 शब्दांची तयार फाइल हाही शॉर्टकटच होता.

अजून एक बारीक पण फार शहाणपणाची गोष्ट, यादी एक नव्हती, दोन होत्या. उत्तरं फक्त त्या 2,315 मधून. पण खेळणारा जो शब्द टाकेल तो स्वीकारायचा की नाही यासाठी आणखी 10,657 शब्दांची दुसरी यादी होती. म्हणजे तुम्हाला एखादा दुर्मिळ शब्द येत असेल तर टाका, खेळ तुम्हाला अडाणी ठरवणार नाही, पण खेळ तुम्हाला तसला शब्द विचारणारही नाही. विचारताना हात आखडता, ऐकताना मोकळा. पलकने "माहीत नाही" म्हटलेले शब्द अशा रीतीने वाया गेले नाहीत, त्यांची जागा बदलली. मला वाटतं हा निर्णय जो माणूस खेळणाऱ्याच्या शेजारी बसून बघतो त्यालाच सुचू शकतो.

दिवसाला एकच

जुन्या रूपात एक शब्द झाला की लगेच पुढचा, कितीही खेळा. मग कोविड आला, घरात बसून वॉर्डल आणि पलक दोघांना न्यूयॉर्क टाइम्सच्या क्रॉसवर्डचा आणि स्पेलिंग बी या अक्षरांपासून शब्द बनवायच्या कोड्याचा नाद लागला. ही कोडी रोज एकच येतात. सकाळी सोडवलं, संपलं, आता उद्या. त्यातून त्याने आपल्या जुन्या खेळाला तीच लय दिली. त्याने मुलाखतीत सांगितलंय की दिवसाची तीन मिनिटं मागणारी गोष्ट त्याला हवी होती, त्याहून जास्त वेळ तिला तुमच्याकडून नकोच आहे.

हा निर्णय नुसता चवीचा नाही, त्याचा तांत्रिक परिणाम बघा. दिवसाला एकच शब्द आणि सगळ्यांना तोच, म्हणजे आज कुठला शब्द हे तारखेवरून काढता येतं, सुरुवातीच्या तारखेपासून आजचा दिवस कितवा तेवढं मोजायचं आणि यादीतला तेवढ्या क्रमांकाचा शब्द उचलायचा. मग सर्व्हर कशाला हवा? डेटाबेस कशाला? सगळं ब्राउझरमध्ये. तुमची सलग किती दिवसांची मालिका झाली ते ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे तुमच्याच मोबाइल-कॉम्प्युटरवर साठवलेलं. लॉगिन नाही, "पासवर्ड विसरलात का?" नाही, ओटीपी नाही. अकाउंटच नाही म्हणून प्रायव्हसीचा प्रश्न जवळजवळ नाही. नोटिफिकेशन नाही, जाहिरात नाही. एक पान, तेही त्याच्या स्वतःच्या जुन्या साइटवर, पॉवरलँग्वेज नावाच्या, जिचा शब्द ओळखण्याशी काही संबंध कळत नाही. वेगळं डोमेन घेतलेलं नव्हतं.

आपल्याकडे साइड प्रोजेक्ट सुरू होतो तो बहुतेक वेळा डोमेनपासून. नाव ठरवायचं, डोमेन घ्यायचं, लोगो, मग गुगल लॉगिन जोडायचं, मग लीडरबोर्डसाठी टेबल कसं असावं यावर रात्र जाते, आणि खेळ राहतो. मी हे कुणाला हिणवायला लिहीत नाहीये, लॉगिन जोडणं हे ओळखीचं काम असतं, त्याचे ट्युटोरियल असतात, ते संपतं आणि संपल्याचं समाधान मिळतं. पण वर्डलमध्ये लॉगिन नसणं हा आळस नव्हता, ती गरजच शिल्लक राहिली नव्हती. खेळाबद्दलचा एक नीट निर्णय घेतला आणि इंजिनिअरिंगची चार-पाच कामं आपोआप यादीतून गेली. उलट क्रमाने गेलो, म्हणजे आधी सर्व्हर उभा केला की मग तो वापरायला काहीतरी हवं म्हणून खेळ त्याच्याभोवती फिरायला लागतो.

हेही नोंदवतो की सेटिंगमध्ये काहीच नव्हतं असं नाही. मिळालेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरायलाच लावणारा हार्ड मोड होता, डार्क थीम होती, आणि ज्यांना हिरवा-पिवळा फरक नीट दिसत नाही त्यांच्यासाठी हाय कॉन्ट्रास्टचे वेगळे रंग होते. हा तिसरा पर्याय तर अत्यावश्यकच, अख्खा खेळ रंगांवर उभा आहे.

चौकोनांची जाळी

मूळ खेळात नंतर पडलेली मोठी भर म्हणजे निकाल शेअर करायचं बटण, डिसेंबर 2021 च्या मध्याचं. हेही त्याला बसल्याजागी सुचलेलं नाही. न्यूझीलंडमधले लोक ट्विटरवर आपला निकाल सांगायला हिरवे-पिवळे चौकोन इमोजी हाताने टाइप करत होते, म्हणजे उत्तर न फोडता मी कसा पोचलो ते दाखवत होते. ते त्याने बघितलं आणि खेळात घातलं. लोक स्वतःचे कष्ट घेऊन जे आधीच करतायत त्याला बटण दिलं, एवढंच. फीचर कुठलं घालावं याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

आणि त्या शेअर केलेल्या मजकुरात खेळाची लिंक नव्हती! कुठलाही मार्केटिंगवाला कपाळाला हात लावेल. पण त्यामुळे ते चौकोन जाहिरातीसारखे दिसत नव्हते, बघणारा विचारायचा की हे काय आहे, आणि उत्तर मित्राकडून मिळायचं.

किंमतही मोजावी लागली

इथपर्यंत वाचून सगळं गोड वाटेल म्हणून दुसरी बाजूही लिहितो, ती लपवली तर प्रकरण अर्धवट राहील.

सगळं ब्राउझरमध्ये म्हणजे पुढच्या सगळ्या दिवसांची उत्तरंही ब्राउझरमध्ये. कुणीही पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडून वाचू शकत होतं, मोबाइलची तारीख पुढे करून उद्याचा शब्द बघू शकत होतं. जानेवारी 2022 मध्ये कुणीतरी ट्विटरवर एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारं अकाउंट, बनवला जो निकाल टाकणाऱ्या लोकांना उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशीचा शब्द सांगायचा, ट्विटरने तो बंद केला. ज्याला फसवायचंय तो स्वतःलाच फसवतोय, बक्षीस नाही, क्रमवारी नाही, म्हणून हे सगळं चालून गेलं. पैशाचं बक्षीस असतं तर ही रचना एक दिवसही टिकली नसती, तेव्हा "सर्व्हर नको" हा काही सगळ्यांना लागू पडणारा मंत्र नाही.

लोकल स्टोरेज हे त्या त्या साइटच्या पत्त्याला बांधलेलं असतं. फेब्रुवारी 2022 मध्ये खेळ टाइम्सच्या पत्त्यावर हलवला तेव्हा जुन्या पत्त्यावरचे आकडे नवीन पत्त्यावर न्यायला लागले, बऱ्याच जणांचं नीट गेलं, काहींची सलग दिवसांची मालिका शून्यावर आली आणि ते फार हळहळले. मग टाइम्सने यादीतून काही शब्द काढले, तर ज्यांच्या ब्राउझरमध्ये जुनं पान तसंच उघडं होतं त्यांच्याकडे जुनी यादी चालू राहिली आणि 15 फेब्रुवारीला एकाच दिवशी दोन वेगवेगळी उत्तरं निघाली. "सगळ्यांना तोच शब्द" हा खेळाचा पायाच, तो एका दिवसापुरता हलला.

इमोजीच्या जाळीचाही त्रास झाला, ज्यांना दिसत नाही आणि जे स्क्रीन रीडर वापरतात त्यांच्या कानावर प्रत्येक चौकोनाचं नाव एकामागून एक, तीस-तीस वेळा पडायचं. ही टीका मला पूर्ण पटते. शिवाय जानेवारीत ॲप स्टोअरवर त्याच नावाच्या नकला आल्या, पैसे घेणाऱ्यासुद्धा, नंतर ॲपलने बऱ्याचशा काढल्या. विकताना वॉर्डलने लिहिलं की हे सगळं आपल्याला जड जायला लागलंय, शेवटी मी एकटाच माणूस आहे. घरच्यांसाठी केलेली गोष्ट लाखोंसाठी चालवणं हे वेगळंच काम आहे आणि ते त्याला करायचं नव्हतं. मला यात कमीपणा दिसत नाही. त्याला काय करायचंय ते त्याला माहीत होतं आणि काय नाही तेही.

आता नशिबाचा मुद्दा. तुम्ही म्हणाल, असे हजार खेळ कुणी ना कुणी बायकोसाठी, नवऱ्यासाठी बनवले असतील, त्यातला एकच पसरला, मग यातून शिकायचं काय. बरोबर. म्हणूनच मी 3 लाखांच्या आकड्यावरून काहीच सिद्ध करत नाहीये. माझा आधार आधीचा आहे, पलक रोज खेळत होती, मग घरचा ग्रुप रोज खेळायला लागला, कुणी आग्रह न करता. प्रोजेक्ट तिथे यशस्वी झाला. ट्विटर नसतं तरी तो यशस्वीच होता, फक्त आपल्याला त्याचं नाव कळलं नसतं. 2013 ला मित्रांनी खेळून सोडून दिला आणि 2021 ला घरच्यांना सोडवेना, या दोनमधला फरक नशिबाचा नाही, तो यादीचा आणि दिवसाला एक या नियमाचा आहे.

मराठीत करायचा झाला तर

हे प्रकरण आपल्या भाषेत आणून बघितलं की "महत्त्वाचं काम कुठलं" हा प्रश्न अजून टोकदार होतो. इंग्रजीत पाच अक्षरं म्हणजे पाच चौकोन, कुणाला शंका नाही. मराठीत "महाराष्ट्र" यात अक्षरं किती? शाळेतलं पोर सांगेल चार, म, हा, रा, ष्ट्र. कॉम्प्युटरला विचारा, तो सांगेल दहा, कारण काना वेगळा, हलन्त वेगळा, प्रत्येक व्यंजन वेगळं. "स्त्री" हे एक अक्षर, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, सहा चिन्हं. 2023 च्या युनिकोड 15.1 पासून देवनागरी जोडाक्षर एकत्र धरायचा नियम आलाय, त्याआधीच्या नियमाने स्त्रीचे तीन तुकडे व्हायचे, आणि तुम्ही वापरत असलेली तयार कोडची लायब्ररी जुनी असेल तर आजही होतील. हे तांत्रिक आहे, अवघड आहे, आणि प्रोग्रामर म्हणून आपल्याला यात रमायला आवडतं.

पण ते सुटलं तरी खेळ सुटत नाही. उत्तर "मोती" आहे आणि कुणी "माती" टाकलं. दुसरं अक्षर "ती" हिरवा. पहिल्या अक्षरात म बरोबर, स्वर चुकला. रंग कुठला द्यायचा? राखाडी दिला तर अन्याय वाटतो, पिवळा दिला तर "जागा चुकली" या अर्थाशी गोंधळ होतो, चौथा रंग आणला तर खेळ समजावून सांगायला वेळ लागतो. माझ्या मते चौथा रंग आणावा, मराठी वाचणाऱ्याला व्यंजन आणि स्वर वेगळे दिसतातच, बाराखडी पाठ केलेली असते. पण हे मी इथे बसून म्हणतोय, खरं उत्तर चार जणांना कागदावर खेळायला लावून, ते कुठे अडखळतात ते बघूनच मिळेल, आणि त्यासाठी एक ओळही कोड लागत नाही.

आणि यादी. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, घर, घरात, घराला, घराचा, तेव्हा इंटरनेटवरचा मजकूर गोळा करून यादी काढली तर ती अशा रूपांनीच भरून जाते. उत्तर म्हणून "घराला" आलं तर कुणालाही आवडणार नाही, पण टाकायला तो शब्द चालायला हवा की नाही? इथे वॉर्डलची दोन याद्यांची युक्ती जशीच्या तशी कामाला येते, उत्तरात फक्त मूळ शब्द, टाकायला सगळी रूपं. ऱ्हस्व-दीर्घाचं काय, तेही ठरवायला लागेल, मी तर म्हणेन की टाकणाऱ्याची वेलांटी चुकली तर खेळाने ती मुकाट्याने सुधारून घ्यावी, शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायची असेल तर तो वेगळा प्रोजेक्ट आहे.

मग सगळ्यात मोठा प्रश्न, कुणाला माहीत असलेले शब्द? सातारच्या आजीची यादी वेगळी, तीत "उखळ" आहे, "जातं" आहे, "शिंकं" आहे. रत्नागिरीची वेगळी, नागपूरची वेगळी. न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या दहा वर्षांच्या भाचीची अगदीच वेगळी, तिला "पाऊस" येतो, "आंबा" येतो, "उंबरठा" कदाचित येत नाही. दोघींना पुरेल अशी एक यादी करायला गेलात तर ती दोघींनाही नीट बसणार नाही, तेव्हा आधी एकीची निवड करावी लागेल. भाची निवडली तर दोन आणि तीन अक्षरी शब्दांची एक फाइल काढा, तिच्या हातात द्या, तीन रकाने ठेवा, येतो, ऐकलाय, येत नाही. एका बैठकीत होणार नाही, तिला कंटाळा येईल, रोज व्हिडिओ कॉलवर पंधरा-वीस शब्द घ्या, "ऐकलाय" मध्ये गेलेल्या शब्दांबद्दल तिला कुठे ऐकलास ते विचारा, आणि ती ज्या शब्दाला हसेल किंवा "हा आजी म्हणते!" असं म्हणेल त्याच्यापुढे खूण करून ठेवा, पहिल्या महिन्याची उत्तरं तीच. रिॲक्ट की स्वेल्ट, म्हणजे स्क्रीन कुठल्या फ्रेमवर्कमध्ये बनवायची, ते यादी हातात आल्यावर ठरवता येईल.